दूध न देणाऱ्यांचं आजारपण

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची राणी नावाची कुत्री आहे. गावठी, तांबड्या रंगाची, आठेक वर्षांची. नाल्याकाठी सापडलेलं पिल्लू त्यांनी पदराखाली झाकून घरी आणलं आणि दोन खोल्यांच्या त्या घरात ते वाढलं. गेल्या श्रावणात राणीने खाणं सोडलं. पाणी मात्र भांडंच्या भांडं पिऊ लागली. चौथ्या दिवशी तिच्या गोणपाटावर पुवाचे डाग दिसले, तेव्हा मावशी तिला रिक्षात घालून दवाखान्यात गेल्या आणि तिथून मला फोन आला. डॉक्टर म्हणत होते, पिशवीत पू झालाय, आज रात्रीच काढायला लागेल. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, भूल, ऑपरेशन आणि तीन दिवसांचं सलाईन मिळून 28 हजार. त्यातले 15 हजार आधी भरायचे. मावशींनी मला एवढंच विचारलं, "दादा, उद्या संध्याकाळपर्यंत थांबलं तर चालेल का, ते विचारता का त्यांना?"

थांबून चालणार नव्हतं. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी हा आजार होऊ शकतो. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. पिशवी फुटली किंवा विष रक्तात भिनलं की जनावर हाती लागत नाही. काही पैसे मी दिले, काही शेजारच्यांनी. उरलेल्यासाठी मावशींनी भिशीतल्या बायकांना हात जोडून आपला नंबर आधी लावून घेतला. राणी वाचली. त्या भिशीतून मुलीच्या बारावीच्या क्लासची फी भरायची होती, ती दोन महिने रखडली. नसबंदी वेळेत झाली असती तर हे संकटच आलं नसतं आणि तिचा खर्च याच्या काही अंशच आला असता. पण आठ वर्षांत मावशींना ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण आठ वर्षांत राणीला दवाखाना दाखवण्याची वेळ आली नव्हती. किंवा खरं सांगायचं तर, दवाखाना परवडणार नाही या भीतीने ती वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती.

त्या तीन दिवसांत मी त्या दवाखान्याच्या बाकावर बरेच तास बसलो. पार्वो झालेलं तीन महिन्यांचं पिल्लू टॉवेलात गुंडाळून आणलेला एक मुलगा खिशातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होता. एका आजी-आजोबांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडन्या निकामी होत आल्या होत्या. आज किती आणि पुढे रोज किती, असं आजोबा विचारत होते आणि आजी कुत्र्याच्या कानामागे खाजवत खाली बघत होत्या. आकडा ऐकल्यावर लोक जे बोलतात ते वाक्य तिथे मी तीनदा ऐकलं: "मग राहू द्या, घरी घेऊन जातो." या वाक्याचा अर्थ डॉक्टरांना कळतो, नेणाऱ्याला कळतो आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळतो. असाध्य आजारात डॉक्टर जनावराला झोपवतात, त्यात दया असते. बरा होणारा आजार केवळ पैशापायी अंगावर काढला जातो तेव्हा ते मरण कुठल्याही कागदावर नोंदलं जात नाही, त्यामुळे ते आपल्या हिशेबातच येत नाही.

"हे व्हेट लुटतात" असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते. छोट्या दवाखान्यातला एकच माणूस फिजिशियन असतो, सर्जन असतो, भूल देतो, एक्स-रे वाचतो आणि बाळंतपणही करतो. एक्स-रेचं यंत्र, भुलीचं यंत्र, रक्ततपासणीची रसायनं यांच्या किमती रोगी कुत्रा आहे म्हणून कमी होत नाहीत. कुत्र्यांच्या बऱ्याच लसी परदेशातून येतात. शहरातल्या गाळ्याचं भाडं कुणाला माफ होत नाही. शिवाय रोगी मुका. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, काल काय गिळलं, यातलं काहीच तो सांगू शकत नाही. माणसाच्या बाबतीत जे दोन प्रश्नांत उमगतं त्यासाठी इथे रक्त काढावं लागतं, फोटो काढावा लागतो. आणि या सगळ्याचा खर्च उचलायला त्या बाकावरच्या माणसाखेरीज दुसरं कुणी नसतं. उपचारांवर जीएसटी नाही, एवढाच काय तो दिलासा. काही कंपन्या पाळीव प्राण्यांचा विमा देतात, पण वय वाढलं की तो मिळत नाही, आधीचे आजार त्यात बसत नाहीत आणि मावशींसारख्यांपर्यंत त्याची वार्ताही पोचलेली नाही.

माणसाच्या दवाखान्यात आपण जे देतो ती उपचाराची खरी किंमत नसते. ती सरकारने, पालिकेने, विम्याने आणि दानाने आधीच बरीच उचललेली असते. कुत्र्याच्या दवाखान्यात ती पहिल्यांदाच पूर्ण उघडी पडते. धक्का बसतो तो त्यामुळे. तेव्हा डॉक्टरच्या नावाने बोटं मोडण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तो खर्च उचलणारी दुसरी व्यवस्था इथे का उभी राहिली नाही?

उत्तर आपल्या सरकारी भाषेतल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे पशुधन. तालुक्याच्या दवाखान्यात बसतो तो पशुधन विकास अधिकारी. त्याच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक. जनावर धन असेल तर त्याचं आरोग्य सरकारचा विषय होतं. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्याने गोवंशाला मोफत लस टोचली आणि दगावलेल्या गायीमागे 30 हजार रुपयांची मदत दिली. ते अगदी योग्य झालं. ज्याचं घर दोन गायींवर चालतं त्याला सरकारने सावरायलाच हवं. औंधच्या सरकारी संस्थेत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांच्या लसी तयार होतात. मार्च 2025 मध्ये केंद्राने पशुधन आरोग्याच्या कार्यक्रमाला दोन वर्षांसाठी 3,880 कोटी रुपये मंजूर केले आणि त्यातले 75 कोटी 'पशु औषधी' या योजनेसाठी, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधं पुरवण्यासाठी ठेवले. ही औषधं शेतकऱ्यांपर्यंत सहकारी संस्था आणि किसान समृद्धी केंद्रांमधून पोचवायची आहेत. योजना चांगली आहे. पण ती आखताना डोळ्यासमोर गोठा होता. राणी दूध देत नाही, नांगर ओढत नाही, अंडी घालत नाही. ती धन नाही. म्हणून ती कुणाच्या योजनेत नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यामांजरांना दारातून हाकलत नाहीत, हेही सांगायला हवं. तिथे नाममात्र शुल्कात त्यांना तपासतात, लस टोचतात, आणि तिथले कितीतरी डॉक्टर जीव ओतून काम करतात. पण ते दवाखाने गाईगुरांसाठी उभारलेले आहेत. फिरती पथकं, 1962 हा क्रमांक, सगळी रचना शेतकऱ्याच्या दारी जाण्यासाठी आहे. शहरात असे दवाखाने मोजके, आणि संध्याकाळी ते बंद होतात. राणीचा पू रात्री कळला.

मुंबईतल्या परळला या बाबतीत मोठा इतिहास आहे. केईएम रुग्णालय तिथे 1926 साली उघडलं, टाटा मेमोरियल 1941 साली. जनावरांचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्यांच्याही आधीचं, 1883 सालचं. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने ते उभारलं. 1886 साली त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पारशी समाजाचं कुत्र्याशी नातं जुनं आहे. मृताला अखेरचं दर्शन कुत्र्याकडून घडवण्याचा त्यांच्यात विधी आहे, आणि 1832 साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगल झाली ती पारशांनी सुरू केलेल्या विरोधातून. त्याच परंपरेत रतन टाटांच्या आग्रहातून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं. 165 कोटी रुपये खर्चून 2024 साली ते सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रतन टाटा गेले. या दोन रुग्णालयांमध्ये 141 वर्षांचं अंतर आहे. दोन्ही दानातून उभी राहिली. मधल्या काळात शहर कुठल्या कुठे पसरलं, पाळीव प्राणी घरोघरी आले, आणि तरी ज्याला जनावराच्या इस्पितळाचं नाव विचारावं तो आजही आधी परळच सांगतो. वसई-विरारहून, कल्याण-डोंबिवलीहून आजारी कुत्रं घेऊन परळला कसं यायचं? लोकलच्या गर्दीत ते आणता येत नाही. टॅक्सीवाला तयार झाला तर जायचं आणि यायचं भाडंच औषधांच्या वर जातं. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या शहरांत तर कुणी पेटिट जन्मला नाही. तिथल्या लोकांनी दानशूराची वाट पाहत बसायचं का?

आता सगळ्यात जुना आक्षेप. माणसांना खाट मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्यांसाठी पालिकेचे पैसे मागता? ज्यांना हौस आहे त्यांनी खर्च करावा.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या फरशीवर चादर अंथरून झोपलेले नातेवाईक मीही पाहिले आहेत. पण हौस हा शब्द इथे लागू पडतो का ते तपासू. लाखभर रुपये मोजून परदेशी जातीचं पिल्लू आणणारा माणूस वेगळा, त्याच्या खर्चाची चिंता मी करत नाही. मावशींनी राणी विकत आणली नव्हती. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. गावठी पिल्लू घरात घेणारा माणूस त्या जबाबदारीतला एक वाटा आपल्या डोक्यावर घेतो. रस्त्यावरचं एक कुत्रं कमी होतं, त्याच्या पोटच्या पिढ्याही कमी होऊ शकतात. पालिका अशा माणसाकडून कुत्रा पाळण्याचा परवाना मागते. त्या परवान्याच्या बदल्यात त्याला काय मिळतं?

दुसरी गोष्ट रेबीजची. हा आजार एकदा अंगात दिसू लागला की त्याच्यावर उपाय नाही, माणूस जातोच. म्हणून कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते, आणि मिळायलाच हवी. एका माणसाला त्या लसीचे अनेक डोस घ्यावे लागतात, जखम खोल असेल तर सीरमही. कुत्र्याला रेबीजची लस वर्षातून एकदा पुरते आणि ती काही शे रुपयांत होते. चावल्यानंतरचा खर्च सरकार करतं, चावण्याआधीचा खर्च गरीब मालकावर सोडून देतं. हा हिशेब घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला पटणार नाही. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो पावसाळ्यात मुंबईत माणसांना गाठतो तसा कुत्र्यांनाही गाठतो; त्याचीही लस कुत्र्याला देता येते. ज्या घरात पाच माणसं आणि एक कुत्रं एकाच खोलीत झोपतात तिथे माणसाचं आरोग्य आणि जनावराचं आरोग्य अशा दोन फायली करता येत नाहीत.

खर्चाच्या भीतीने आणखी एक घडतं. लोक मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या देतात. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल दिली जाते, आणि मांजराचा जीव घ्यायला एक गोळीही पुरते. गोचीडतापात हिरड्या पांढऱ्या पडेपर्यंत थांबतात. अखेर सोडून देतात. रात्री गाडीतून दूर नेऊन, दुसऱ्या वस्तीत, देवळाच्या आवारात, नाहीतर प्राणिमित्र संस्थेच्या फाटकाला दोरीने बांधून. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान 10 रुपये, कमाल 50. एका बाजूला 28 हजार आणि दुसऱ्या बाजूला 50. सोडून देणाऱ्याची मी बाजू घेत नाही; ते पाप आहे असंच मी म्हणेन. पण कायद्याने आणि व्यवस्थेने मिळून माणसाला कुठल्या वाटेवर ढकललंय ते या दोन आकड्यांत दिसतं. दंड वाढवा, जरूर वाढवा. आणि दवाखान्याचं दारही उघडा, कारण नुसत्या दंडाने अंगावर आजार काढणारे वाढतील.

डॉक्टरांच्या बाजूने एवढं बोलल्यावर त्यांच्याकडेही मागायला हवं. बहुतेक दवाखान्यांत दरपत्रक लावलेलं नसतं. ऑपरेशनआधी खर्चाचा अंदाज तोंडी मिळतो आणि बिल हातात पडतं तेव्हा तो वाढलेला असतो. औषध तिथल्याच काउंटरवरून घ्यायचं, नाव लिहून मिळत नाही. ब्रिटनमध्ये हेच दुखणं इतकं वाढलं की तिथल्या बाजारपेठ नियामकाला चौकशी करावी लागली. 2013 साली तिथले दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हातात होते, आज जवळपास साठ टक्के आहेत. 2016 ते 2023 या काळात उपचारांचे दर 63 टक्क्यांनी वाढले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या नियामकाने प्रस्ताव मांडले: दर जाहीर करा, मोठ्या उपचाराचा अंदाज आधी लेखी द्या, औषध बाहेर स्वस्त मिळू शकतं हे मालकाला सांगा. साखळी दवाखाने आता आपल्या शहरांतही आले आहेत. त्यांच्याकडे यंत्रं चांगली आहेत, रात्रीची सोय आहे, त्यांचं स्वागतच आहे. पण ब्रिटन जिथे दहा वर्षांनी पोचलं तिथे पोचण्याआधी राज्य पशुवैद्यक परिषदेने हे तीन नियम आत्ताच करावेत. त्याला एक पैसा खर्च नाही.

औषधाचं नाव लिहून देण्याने किती फरक पडतो याचं एक उदाहरण देतो. गोचिडांमुळे होणाऱ्या एका तापावर कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन देतात, तीन-चार आठवडे रोज. हे माणसांचंच औषध आहे आणि जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, वजनावर, त्यात घरचं शहाणपण नको. रक्तदाबाची, हृदयाची, जंतुसंसर्गाची कितीतरी औषधं अशीच दोघांना सामाईक आहेत. 'पशु औषधी'च्या यादीत कुत्र्यामांजरांची औषधं घातली आणि ती शहरातल्या जनऔषधी केंद्रात ठेवली, तर नवी इमारत बांधावी लागणार नाही, नवी माणसं भरावी लागणार नाहीत.

इमारत लागेल ती दवाखान्यासाठी. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणी आहेत. तिथे विद्यार्थी आहेत, शिकवणारे सर्जन आहेत, यंत्रंही आहेत. माणसांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय रात्रभर चालतं, तसं यांचंही चालावं. आणि प्रत्येक महापालिकेने निदान एक दवाखाना काढावा, जिथे केसपेपर काढून कुणालाही जाता येईल: एक्स-रे, रक्ततपासणी, नसबंदी आणि तातडीचं ऑपरेशन, भिंतीवर दर लिहिलेले, पिवळं आणि केशरी रेशन कार्ड असणाऱ्यांना सवलत. परळ-महालक्ष्मीच्या तोडीचं मी मागत नाही. पायोमेट्राच्या ऑपरेशनला एमआरआय लागत नाही.

पालिकांचे अर्थसंकल्प दर फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जातात. कुत्र्यांसाठीची तरतूद त्यात बहुधा एकाच ओळीत असते, मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्ताची. त्या ओळीखाली दुसरी ओळ घालायला सांगणारा नगरसेवक मला हवा आहे. आमच्या प्रभागातल्या नगरसेवकांकडे मी हा लेख घेऊन जाणार आहे. मावशी बरोबर येणार आहेत. बिलाची ती चुरगळलेली पावती त्यांनी राणीच्या लसीच्या नव्या कार्डात घडी घालून ठेवली आहे, ती त्या घेऊन येतील.